उमरीकर शिखर

"मॅडम, ह्याला मुंग्या लागल्यात," माझ्याबरोबर पीएचडी करणारा गहिनीनाथ म्हणाला.

सॅम्पल होल्डरच्या दोन पितळी चकत्यांमधून लाल मुंग्यांची रांग निघाली होती आणि टेबलाच्या पायावरून शिस्तीत खाली चालली होती. फिजिक्सच्या संशोधन प्रयोगशाळेत मुंग्यांनी खावं असं काही नसतं. आमच्याकडे होतं. मी भिंग घेऊन आत डोकावले. दोन चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बेकलाइटचं एक कडं असतं. ते मूळचं काळं. आता त्याच्यावर लाल, पिवळट, तुपकट असा थर होता, त्यात अक्षतेचा एक अख्खा तांदूळ रुतलेला, आणि तांदळाच्या अवतीभवती मेलेल्या मुंग्यांचे पाय.

"परवाच्या खंडेनवमीचं कुंकू," गहिनीनाथ म्हणाला. "आणि पेढा."

"हा थर परवाचा नाही."

"मागल्या सालचा बी असंल. त्याच्या मागल्या सालचा बी."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. भट्टी, गोळ्या दाबायचं प्रेस, वजनकाटा, सगळ्यांना बोटभर हळदकुंकू. पण होल्डरचा मान पहिला. तो आमच्या मार्गदर्शकांनी, डॉ. प्रभंजन उमरीकर सरांनी, स्वतःच्या पीएचडीच्या काळात लेथवर करून घेतला होता. जोडीनं दोन केले होते. एक टेबलावर असे, दुसरा कपाटात. उमरीकर काकू घरून ताट आणत, ओलं कुंकू दोन्ही होल्डरच्या चकत्यांच्या मधोमध लावत आणि पेढ्याचा तुकडा टेकवत. बाई साधी होती. एकदा मला म्हणाली होती, "मी दरवर्षी विचारते हो, कुठं लावू? हेच म्हणतात, मधोमध लाव." वर सरांचा नियम होता, होल्डर कुणी पुसायचा नाही. एका पोरानं पुसताना स्प्रिंग तोडली होती म्हणे.

मी पुसला. तत्त्वाबित्त्वासाठी नाही, किळस आली म्हणून. स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि कडं घासत बसले. पहिला बोळा लाल निघाला, दुसरा तपकिरी, तिसऱ्याला खवट तुपाचा वास. शेवटी काळं बेकलाइट दिसलं तेव्हा टोपलीत बोळ्यांचा असा ढीग पडला होता की दवाखान्यात ड्रेसिंग झालंय असं वाटावं. गहिनीनाथ नाकाला रुमाल लावून बघत होता.

मी तेव्हा तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात शिकवत होते आणि अभ्यासरजेवर आले होते. प्राचार्यांनी निघताना स्वच्छ सांगितलं होतं, "घोगरे मॅडम, जूनला पीएचडी घेऊन आलात तर जागा तुमची. नाहीतर संस्थाचालकांची भाची बीएड करतेच आहे." त्यामुळे माझा जीव त्या एका प्रबंधात अडकलेला. माझे वडील मोंढ्यात अडतीच्या दुकानी मुनीम होते. त्यांच्याकडून मला एकच खोड लागली: समोरच्या माणसाच्या खात्यात काय जमा होतंय आणि कुणाच्या नावे टाकलं जातंय, हे बघत बसायचं. विद्यापीठात ही खोड फार करमणूक करते.

आमचं काम फेराइटचं. फेराइट म्हणजे लोखंडाच्या गंजाची सुधारलेली चुलतबहीण. चुंबकाला चिकटते, पण मातीच्या भांड्यासारखी असल्यामुळे वीज मात्र सहजी जाऊ देत नाही. क्षारांची लापशी करायची, ती तव्यावर फुगून भसकन जळते, उरलेली राख खलात कुटायची. तिचे कण इतके बारीक की नुसत्या श्वासानं उडतात. त्या राखेच्या गोळ्या दाबायच्या, भट्टीत भाजायच्या, दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा आणि होल्डरमध्ये धरून त्यांच्यातून उलटसुलट फिरणारी वीज सोडायची. आधी सावकाश, मग जलद, मग सेकंदाला लाखो वेळा. सावकाश असते तोवर गोळीतले विद्युतभार तिच्या तालावर डोलतात. वेग वाढला की त्यांना वळायला सवड मिळत नाही, ते नाद सोडतात, आणि प्रतिसाद खाली येतो. वीज वाया किती जाते त्याचाही आलेख तसाच, घसरगुंडीसारखा उतरत जातो. जगभर हाच आलेख निघतो आणि जगभर त्याच्याखाली तोच परिच्छेद लिहितात.

आमच्याकडे मात्र घसरगुंडीच्या मध्यावर एक उंचवटा येई. प्रत्येक गोळीला, त्याच जागी. उमरीकर सरांनी त्याच्यावर लेख लिहिले. त्यांचे गुरुबंधू डॉ. त्र्यंबक अष्टेकर दुसऱ्या विद्यापीठात विभागप्रमुख होते. त्यांनी त्या उंचवट्याला 'उमरीकर शिखर' असं नाव देऊन टाकलं. मग उमरीकरांनी आपल्या पुढच्या लेखात अष्टेकरांचे सात संदर्भ दिले. माझे वडील ह्याला वळती करणं म्हणत, ह्याच्या खात्यातून त्याच्या, त्याच्यातून परत ह्याच्या.

होल्डर पुसून मी माझी गोळी लावली. आलेख वरून खाली उतरला आणि उतरतच राहिला.

"शिखर कुठंय?" गहिनीनाथनं विचारलं.

"तुझी गोळी दे."

त्याचा प्रबंध तर सादर होऊन बसला होता, शिखरासकट. त्याच्या गोळीलाही काही आलं नाही. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कपाटातला दुसरा होल्डर काढला, न पुसलेला, आणि तसाच रिकामा लावला. शिखर आलं. काही न ठेवता, नुसत्या हवेला, जागच्या जागी.

गहिनीनाथनं खिशातून सुपारीचं खांड काढलं, चकत्यांमध्ये धरलं.

सुपारीलाही शिखर आलं.

"सुपारी फेराइट," तो म्हणाला आणि हसायला लागला. मीही हसले. मग त्याचं हसू मध्येच थांबलं आणि त्यानं सुपारी परत खिशात टाकली. "मॅडम, हे सरांना सांगायलाच पाहिजे का?"

सर केबिनमध्ये प्रयोगशाळेच्या चिमट्यानं कान कोरत होते. ह्याच चिमट्यानं आम्ही गोळ्या उचलायचो. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी एक कान संपवून दुसरा घेतला.

"पुसला कुणी?"

"मी."

"विचारलं होतं?"

"मुंग्या होत्या, सर."

"त्रास मुंग्यांना होत होता की तुम्हाला?"

"सर, रिकाम्या होल्डरला शिखर येतंय. सुपारी ठेवली तरी येतंय."

"सुपारी कच्ची की भाजकी?"

"भाजकी, सर," गहिनीनाथ मागून अदबीनं म्हणाला.

सरांना राग आला नव्हता. नवल तर मुळीच वाटलं नव्हतं, हे मी तिथल्या तिथं टिपून घेतलं. त्यांनी चिमट्याचं टोक निरखलं, अंगठ्यानं पुसलं आणि तो पेनस्टँडमध्ये खोचला.

"घोगरे मॅडम, अकरा प्रबंध झालेत त्या शिखरावर. अकरा पोरं पोटाला लागली. कुणी घर बांधलं, कुणाचं लग्न त्याच्यामुळं जमलं. एका बोळ्यानं तुम्ही सगळ्यांचं कुंकू पुसायला निघालात?"

"मी खरं काय ते प्रबंधात लिहिते, सर. इतकंच."

"लिहा की. नाही कोण म्हणतंय?" ते खुर्चीत मागं रेलले. "तुमच्या आलेखात शिखर नाही. छान. आता मला सांगा, तुमच्या गोळीत वेगळं काय आहे? अकरा जणांच्या गोळीत जे नव्हतं?"

"निओडायमियम आहे थोडं."

"मग झालं तर." त्यांचा चेहरा इतका उजळला की काही क्षण मला तो माणूस तरुण वाटला. "निओडायमियममुळं शिखराचं संपूर्ण शमन. कुणालाच सुचलं नव्हतं हे. तुमचे आकडे खरे, आलेख खरा. कुणाच्या बापाला खोटं म्हणता येणार नाही."

"पण कारण खोटं आहे."

"कारण हे मत असतं, मॅडम."

"गहिनीनाथच्या गोळीत निओडायमियम नाही. तिचंही शिखर गेलं."

सरांनी गहिनीनाथकडं पाहिलं. "गेलं का रे?"

गहिनीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला, "माझी गोळी फुटलेली होती, सर."

गोळी अख्खी होती. मी ती स्वतः लावली होती.

"मी तसं लिहिणार नाही," मी म्हटलं.

"नका लिहू," सर गोड आवाजात म्हणाले. "प्रबंध तुमचा. मी काय, सहीपुरता."

मी लिहिला. होल्डर पुसल्यावर शिखर नाहीसं होतं, रिकाम्या होल्डरलाही ते येतं, सबब ते पदार्थाचं नव्हे. एवढं एक पान, दोन आलेख. सरांनी शेवटच्या प्रतीवर सही केली. मला कॉलेजात परीक्षेच्या कामाला जायचं होतं. बाइंडिंगला नेण्याचं गहिनीनाथनं आपणहून अंगावर घेतलं. मला बरं वाटलं. फुटक्या गोळीची भरपाई करतोय असं वाटलं.

मौखिक परीक्षा मे महिन्यात लागली. बाहेरचे परीक्षक, अर्थातच, डॉ. अष्टेकर. आदल्या दिवशी दुपारी मी विभागात गेले आणि बांधलेली प्रत पहिल्यांदा हातात घेतली. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, 'वैजयंता घोगरे'. मी माझं पान उघडलं. ते तिथं नव्हतं. त्याच्या जागी निओडायमियमचं शमन होतं, माझ्याच भाषेत, माझ्याच टायपात, मागच्या-पुढच्या पानांशी नीट जुळवलेलं. शेवटी 'उमरीकर शिखराच्या अस्तित्वाला यामुळे पुष्टी मिळते' असं एक वाक्य.

चालत्या बसमध्ये कुणीतरी अंगावर ओकावं तसं मला झालं.

गहिनीनाथ व्हरांड्यात खुर्च्या मोजत होता.

"पान कुणी बदललं?"

"सरांनी दिलं. मी नुसतं नेलं."

"वाचलं नाहीस?"

"वाचलं की. चांगलं लिहिलंय."

"गहिनी."

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "मॅडम, माझा प्रबंध त्याच शिखरावर उभा हाय. गेल्या महिन्यात जागा निघाली, मुलाखत झाली, आर्डर यायचीय. तुमचं खरं झालं तर माझं काय व्हायचं? तुम्हाला तर पदवी मिळायलीच. शिखर असलं काय, नसलं काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

त्यानं हे मनापासून विचारलं होतं. शिव्या घालता येतील असा तो नव्हता, आणि त्याचीच मला जास्त शिसारी आली.

मी रात्र काढली आणि ठरवलं. आमच्याकडे मौखिक परीक्षा खुली असते. ज्याला यायचं तो येतो, ज्याला विचारायचं तो विचारतो. आणि विचारलं की उमेदवाराला उत्तर द्यावं लागतं. तिथं माझं पान कुणाला बदलता येणार नव्हतं. पदवी जाईल, जूनला भाची येईल, हेही मी धरून चालले होते.

हॉल भरला होता. विभागाचे प्राध्यापक, पुढच्या वर्षांचे विद्यार्थी, मागच्या रांगेत काकू. आमच्या रीतीप्रमाणं जेवण उमेदवाराकडून; आमरसाचं पातेलं मागच्या खोलीत झाकून ठेवलं होतं, आणि त्याचा वास माझ्या आलेखांच्या आधी परीक्षकांपर्यंत पोचला होता. अष्टेकर सर गोरेपान, मऊ हाताचे गृहस्थ. माझं सादरीकरण चालू असताना त्यांनी दोनदा त्या दाराकडं बघितलं.

मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो ठरवून दिलेला होता, कारण विचारताना ते माझ्याकडं न बघता उमरीकर सरांकडं बघत होते.

"मॅडम, आपल्या आलेखात उमरीकर शिखर पूर्णपणे नाहीसं झालेलं दिसतं. फार सुंदर निरीक्षण आहे. ह्याचं श्रेय आपण कशाला द्याल?"

"स्पिरिटच्या बोळ्याला," मी म्हटलं.

अष्टेकरांची मान माझ्याकडं वळली.

"होल्डरच्या मधल्या कड्यावर वर्षानुवर्षांचं कुंकू आणि पेढ्याचं तूप साचलं होतं. ते ओल धरतं. शिखर त्या थराचं आहे. थर पुसला, शिखर गेलं. निओडायमियमचा काही संबंध नाही. प्रबंधातलं ते पान मी लिहिलेलं नाही. दुसरा होल्डर शेजारच्या खोलीत आहे, पुसलेला नाही. आणायला सांगा, आत्ता दाखवते. गोळी नसली तरी चालेल."

एवढं मी एका दमात बोलले. आता फुटेल असं वाटलं. उमरीकर सर उठतील, ओरडतील, मला खाली बसवतील.

पहिल्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा. मग उमरीकर सर स्वतः, मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "आमच्या घोगरे मॅडम," ते वळून सगळ्यांना म्हणाले, "अशा आहेत. प्रयोगशाळा हसती ठेवतात." अष्टेकर हसले. हॉल हसला. पोरं बाकांवर हात आपटून हसली. गहिनीनाथही हसत होता, फक्त त्याच्या कानशिलांवर घाम होता. काकू तेवढ्या हसत नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत होत्या.

"मी विनोद करत नाहीये," मी म्हटलं.

"तेच तर," अष्टेकर रुमालानं डोळे टिपत म्हणाले. "सांगण्याची ढब आहे तुमची. उमरीकर, मला वाटतं बाकी प्रश्न नकोत. पुऱ्या गार होतायत."

अहवालावर सह्या करायला परीक्षक केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले. उमरीकर सर बाहेर पाहुण्यांसाठी पानं मांडायला सांगत होते. अष्टेकर एकटेच टेबलाशी, पुढ्यात छापील अर्ज. 'उमेदवाराची उत्तरे समाधानकारक' इथपर्यंत त्यांनी लिहून टाकलं होतं.

"सर, माझं उत्तर लिहा त्यात."

"कोणतं?"

"स्पिरिटचं."

"तो विनोद होता, मॅडम."

"नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी पेन उचललेलंच होतं. माझ्याकडं शांतपणे बघितलं. "मग तुम्ही जो प्रबंध सादर केला तो चुकीचा आहे, असं तुमचं म्हणणं. म्हणजे तुम्ही नापास. लिहू?"

मला जून दिसला, प्राचार्य दिसले, भाची दिसली.

"लिहा," मी म्हटलं.

पेनचं टोक कागदावर टेकलं. तिथं ते बराच वेळ राहिलं. शाईचा बारीक ठिपका पसरला. मग अष्टेकरांनी पेनला टोपण लावलं.

"नाही लिहिता येत," ते म्हणाले. "नापास करायचं तर कारण लिहावं लागतं. ते कुलगुरूंकडे जातं, समितीपुढं जातं, कुणीतरी वाचतं. पास करायला कारण लागत नाही." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला, मला नीट वाचता यावा म्हणून. "अभिनंदन."

मी उभीच राहिले. मी जे बोलले ते खोटं ठरवायला त्यांना मी पास व्हायला हवी होते, आणि मी झाले होते.

"एक विचारू?" अष्टेकरांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. त्यात खरीखुरी जिज्ञासा होती, पहिल्यांदाच. "स्पिरिटनंच गेलं की ॲसिटोनही लागलं?"

"का?"

"आमच्याकडंही एक होल्डर आहे. उमरीकरांच्याच लेथवाल्याकडचा. पूजा आमच्याकडंही होते." त्यांनी पेन खिशाला लावलं. "पुसून बघावा म्हणतो. पण ह्या वर्षी नाही. दोन पोरांच्या मौखिक परीक्षा व्हायच्यात, दोघंही गरीब घरची आहेत. ती निघून गेली की बघू."

बाहेर टाळ्या झाल्या. निकाल कुणीतरी आधीच सांगून टाकला होता. अष्टेकर उठले, सदरा नीट केला, आणि माझ्या खांद्यावर वडीलकीनं हात ठेवला. तो हात मऊ आणि ओलसर होता. मी खांदा काढून घेतला तरी त्यांना कळलं नाही, किंवा कळलं आणि चाललं.

"अजून पाच-सहा वर्षांनी तुम्हीही परीक्षक व्हाल," ते म्हणाले. "नाव पाठवतो मी. तुमच्यासारखी समजूतदार माणसं लागतात यादीत."

"पाठवा," मी म्हटलं. "मी प्रत्येक पोराला आधी रिकामा होल्डर लावायला सांगेन."

ते पुन्हा डोळे टिपेपर्यंत हसले, आणि आमरसाकडं गेले.

जूनला मी कायम झाले. गहिनीनाथला ऑर्डर मिळाली, तो आता विभागप्रमुख आहे आणि मार्गदर्शकही. त्याच्या विद्यार्थ्यांच्या लेखांत निओडायमियमच्या शमनाखाली माझं नाव संदर्भ म्हणून येतं. तो संदर्भ काढा म्हणून मी प्रत्येक संपादकाला लिहिते, आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा माझे आभार येतात. परीक्षकांच्या यादीसाठी मी माझा पत्ता, फोन, सगळं दोन्ही विद्यापीठांना रीतसर कळवून ठेवलेलं आहे. दर वर्षी नव्यानं कळवते. बोलावणं अजून एकदाही आलेलं नाही.